माफीवाली बाई

माझ्या नावापुढं आज बी.ए. लागतं ते ज्यांच्यामुळं, त्यांचं खरं नाव घेतलं तर गोंदियात कोणी ओळखणार नाही. पण ‘माफीवाली बाई’ म्हटलं की स्टेशनावरचा हमालसुद्धा डोक्यावरचं ओझं न उतरवता शेजारच्या मुर्री गावचा रस्ता दाखवील. माझ्यावर जन्मदात्यांच्या खालोखाल कोणाचे उपकार असतील तर ते या बाईंचे. आणि माझं असं ठाम मत आहे, की अख्ख्या हिंदुस्थानात त्यांच्याइतकी माफी कोणी मागितली नसेल आणि माफी मागण्याजोगं काम त्यांच्याइतकं कमी कोणी केलं नसेल. भाजीवाली भाजी घेऊन हिंडते, मासेवाली मासे घेऊन हिंडते, तशी ही बाई काळी मर्दानी छत्री आणि खाकी पिशवी घेऊन माफी मागत हिंडायची. फरक एवढाच, की हिचा माल नेहमी दुसऱ्याच्या मळ्यातला असे. कोणी कोणाचं वाईट करावं, करून विसरून जावं, आणि ज्याचं वाईट झालं त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी बाईंनी छत्री मिटून उभं राहावं: “अमक्यानं तुमाले असं असं केलं. थो काही येनार नाही. त्याच्याकडून मी आली. माफ करा.”

बाई ख्रिस्ती होत्या. मुर्रीला मिशनचा एक लहानसा दवाखाना होता. तिथं त्या जखमा धुऊन पट्ट्या बांधायच्या आणि बांधता बांधता रोग्याला शास्त्रातली एखादी गोष्ट सांगायच्या. इंग्रज गेले त्याच सुमारास मिशनची माणसंही आपल्या देशी गेली, दवाखान्याला कुलूप लागलं, जी चार ख्रिस्ती घरं होती ती नोकरीच्या मागं रायपूर-नागपूरला पांगली. उरल्या त्या एकट्या बाई आणि त्यांचं दोन खोल्यांचं कवेलूंच्या छपराचं घर. त्यातली एक खोली त्यांनी मला शिकायला म्हणून दिली होती. मधली भिंत छपरापर्यंत गेलेली नव्हती, त्यामुळं त्यांची उपासना मला न मागता ऐकू येई. दर रविवारी सकाळी त्या धुतलेलं पांढरं लुगडं नेसून स्वतःच घंटी वाजवत, स्वतःच आत येऊन बसत, मग उठून समोर उभ्या राहत आणि गीताचा आकडा सांगत. गीत झालं की उपदेश. उपदेशात त्या प्रश्न विचारत, उत्तरासाठी थोडं थांबत आणि कोणी काही बोलत नाहीसं पाहून जराशा नाराजीनं उत्तरही देत. एका रविवारी त्या म्हणाल्या, “मागं बसलेल्याईनं पुढं यावं, जागा आहे.” तेवढ्यात शेजारच्यांची शेळी उघड्या दारातून आत आली. बाईंनी उपदेश थांबवला नाही, फक्त म्हणाल्या, “ये माय, एवढ्या साऱ्यात तूच तं ऐकलं.” मी पलीकडं पोट धरून हसलो होतो. आता ते आठवलं की तितकंसं हसू येत नाही.

देशाविषयी त्यांचं एक शास्त्र होतं आणि ते सगळं दवाखान्यातून आलेलं होतं. देश आजारी आहे, याबद्दल त्यांना शंका नव्हती. स्वातंत्र्याच्या दिवशी गोंदियात पेढे वाटले गेले, झेंडे लागले, गुजरीतला बाजार सजला. बाईंनी उपास धरला. कोणीतरी रागावून विचारलं, “काऊन हो बाई, तुमाले आनंद नाही झाला का?” बाई म्हणाल्या, “झाला ना. पन जखम धुतलीच नाही आन वरतून नवी कोरी पट्टी बांधून राहिले सारे. आतमंदी सडते थे.” धुणं म्हणजे पश्चात्ताप. देशानं गुडघे टेकून आपलं चुकलं म्हणायला हवं, मग देव देश बरा करतो, हे त्यांनी बायबलात वाचलं होतं. आता सगळ्या देशाला गुडघे टेकवणं त्यांच्या हातात नव्हतं. तेव्हा देशाच्या वतीनं आपणच टेकावेत, असा सरळ हिशेब त्यांनी केला. संधिवातानं गुडघे सुजलेले असायचे. त्यांना त्या एरंडेल लावत आणि पुन्हा टेकत.

पुढं थोड्याच दिवसांत फाळणीतले सिंधी लोक गाड्या भरभरून येऊ लागले. बाई पिशवी घेऊन फलाटावर गेल्या आणि सामानाच्या बोचक्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यापुढं हात जोडून उभ्या राहिल्या. त्याचं घर कोणी जाळलं, दार कोणी तोडलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण कोणीतरी केलं होतं खास, आणि तो इसम काही गोंदियाला माफी मागायला येणार नव्हता. बाईंनी आपल्या मोडक्या हिंदीत सगळ्यांच्या वतीनं क्षमा मागितली. म्हातारा त्यांच्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, “माई, माफी बाद में। पहले पानी।” बाई धावत जाऊन घागर घेऊन आल्या. तेव्हापासून त्यांनी नियमच केला: आधी पाणी, मग माफी. पिशवीत पितळेचा गडू कायमचा आला. त्या म्हाताऱ्यानं पुढं बाजारात कापडाचं दुकान टाकलं. बाई लुगडं घ्यायला गेल्या की तो गादीवरून ओरडायचा, “आओ माई! आज किसकी तरफ से?” आणि बाईही गंभीरपणे सांगायच्या, “आज कोनाचीच नाही भाऊ, आज फक्त लुगडं.”

सगळेच काही असे गोड नव्हते. एका बिडी कारखान्यात एक मुन्शी होता. बायांनी वळून आणलेल्या बिड्यांमधून वाईट म्हणून बिड्या काढून टाकायचं काम त्याचं, आणि तो चांगल्यासुद्धा मूठभर उचलून टाकी. एका मजुरणीच्या साऱ्या दिवसाच्या मेहनतीवर त्यानं असा हात मारला हे कळताच बाई कारखान्याच्या फाटकाशी गेल्या आणि सुटून येणाऱ्या एकेका बाईला थांबवून मुन्शीच्या नावानं माफी मागत राहिल्या. संध्याकाळी मुन्शी लालबुंद होऊन मुर्रीला आला. “मी तुमाले सांगतलं होतं का माफी मागाले? सारा कारखाना हसून राहिला माह्यावर!” बाईंनी त्याला आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, “तुमाले जमन तवा तुमी मागा. तवरी त्याईच्या मनातली गाठ तं ढिली होते.” चार-सहा दिवसांनी तो परत आला. या खेपेला आवाज खाली होता. “बाई, थे माफी वापस घ्या. बाया मले रोज ‘राम राम मुन्शीजी’ करून राहिल्या. हसून. मले बिडी फेकाले हातच उचलत नाही.” बाई म्हणाल्या, “एकदा देल्ली थे देल्ली. वापस घ्याची सोय नाही.” मुन्शी ओट्यावरून उठला आणि जाताना पुन्हा पाणी मागून गेला.

पहिल्या निवडणुकीच्या वेळी एक उमेदवार हार घातलेला, मागं दहापाच माणसं घेऊन मुर्रीच्या गल्लीत आला. दारोदार हात जोडत आमच्या दारापर्यंत पोचला. बाईंनी त्याच्या जोडलेल्या हातांकडं समाधानानं पाहिलं आणि म्हणाल्या, “हात जोडलेच आहेत बाबू, तं माफी बी मागून टाक. एकाच मेहनतीत होते.” मागची माणसं हसली. तो बिचारा तसाच हात जोडून पुढच्या दारी गेला. तो गेल्यावर बाईंनी त्याच्यासाठीही प्रार्थना केली, कारण पुढं त्याला बराच पश्चात्ताप लागणार, असं त्यांना वाटत होतं.

संध्याकाळची प्रार्थना मात्र आमच्या पोटावर येई. चुलीवर भात ठेवून बाई गुडघे टेकत. प्रार्थना हिमालयापासून सुरू होऊन उतरत उतरत येई: काश्मीर, पंजाब, दिल्ली, प्रत्येक ठिकाणचं पाप ‘आम्ही केलं’ म्हणून सांगायचं आणि पुढच्या गावी जायचं. प्रार्थना दिल्लीत पोचेपर्यंत भात शिजलेला असे. जबलपूरला येईपर्यंत तो आटे, आणि नागपूरला पोचली की खाली लागल्याचा वास येई. मी जबलपूर ऐकलं की पुस्तक ठेवून गुपचूप भांडं उतरवायला शिकलो. एकदा भुकेच्या भरात, प्रार्थना जराशी थांबलेली पाहून, मी भिंतीच्या अलीकडून “आमेन” म्हणून टाकलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. बाई पदरानं डोळे पुसत आल्या आणि म्हणाल्या, “कितीक सालानंतर कोनीतरी म्हनलं रे बाबू.” मी ख्रिस्ती नव्हतो, आजही नाही, पण त्या दिवसापासून त्या घरात राहिलो तोवर रोज आमेन म्हणत आलो.

देवाला पत्ता नीट कळावा, याबद्दल त्या फार काटेकोर होत्या. आमचा मुलूख त्या वर्षांत एका जागी राहीना. आधी मध्यप्रांत होता, मग मध्यप्रदेश झाला, मग एके दिवशी आम्ही मुंबई राज्यात जाऊन पडलो. दरवेळी बाई पोस्टात जाऊन कारकुनाला आपला नवा पत्ता विचारून येत. तो वैतागून म्हणे, “बाई, देवाले मालूम नाही का तुमी कुठं राहता?” बाई म्हणत, “त्याले सारंच मालूम आहे. पन आपन पत्ता बरोबर टाकावा.”

असा सगळा देश त्या धडाधड सांगत येत. आणि शेवटी अर्जुनी मोरगाव ओलांडून केशोरीला आल्या की थांबत. “केशोरी,” म्हणत आणि पुढं एक शब्द नाही. देशातल्या कुठल्याही गावासाठी त्यांची वाचा अडत नसे, त्याच गावाला अडे. मी वाट पाहायचो. शेवटी एक लांब श्वास ऐकू यायचा आणि मी आमेन म्हणायचो.

त्याचा उलगडा माझ्या वडिलांनी केला. मी मॅट्रिकच्या वर्गात असताना ते मला घरी न्यायला आले होते. आमचं गाव केशोरीच्या पलीकडं. धानाची शेती; पावसात चिखलाच्या बांध्यांत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवायची; घरात करणारे हात कमी. शिक्षण पुष्कळ झालं, आता नांगराला माणूस पाहिजे, असं ठरवूनच ते आले होते. मी भिंतीला टेकून उभा होतो. बाईंनी त्यांना ओट्यावर पाणी दिलं, समोर बसल्या आणि हात जोडले. “दादा, तुमच्या घरचा नांगऱ्या आमी शाळेवाल्याईनं नेला. तुमाले विचारलं नाही, बदली माणूस देल्ला नाही. चुकलं आमचं. साऱ्या शाळेकडून माफी मागतो.” आमच्या वडिलांची आयुष्यात कोणी माफी मागितली नव्हती, सावकारानं नाही, पाटलानं नाही. ते एकदम गोंधळले. “नाही नाही बाई, असं कायले म्हनता? शिकू द्या त्याले. शिकू द्या,” असं तेच म्हणायला लागले. माझी बी.ए. ची पदवी विद्यापीठानं पुढं कधीतरी दिली. मिळाली ती त्या दिवशी त्या ओट्यावर.

मी त्यांना स्टेशनवर पोचवायला गेलो तेव्हा वडील म्हणाले, “बाई बावरी आहे, पन मनाची साफ आहे. केशोरीचीच लेक होय थे. तुले माहीत नाही का?” मग त्यांनी सांगितलं. बाई लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेल्या. घरी म्हातारी आई आणि थोरली बहीण, तीही नवऱ्यानं टाकलेली. बाईंचा हात पिकला म्हणून त्यांना बैलबंडीनं मुर्रीच्या दवाखान्यात आणलं. हात बरा झाला, पण त्या तिथंच राहिल्या आणि ख्रिस्ती झाल्या. आई वारली तेव्हा गावी गेल्या, तर बहीण दारात आडवी उभी राहिली. आत येऊ दिलं नाही. “तवापासून दरसाल जाते,” वडील म्हणाले, “घरासमोरच्या मोहाच्या झाडाखाली बसते आन वापस येते. बहीन पाहत बी नाही.”

म्हणजे वर्षातून एकदा, धानाच्या कापणीच्या दिवसांत, बाई “जराशी गावाकडं जाऊन येते” म्हणून जात ते हे होतं. फाळणीची, दंग्यांची, बिडीच्या मुन्शीची माफी मागणारी बाई स्वतःच्या बहिणीपुढं मुकी होत होती. मी एकदा धीर करून विचारलं, “बाई, तिथं का नाही बोलत?” बाई निवडत असलेल्या तांदळाकडं बघत म्हणाल्या, “काय बोलू? मी देव धरला थे चुकलं म्हनू का? थे म्हनता येत नाही. आन दुसरं तं काही मले सुचत नाही.” मग म्हणाल्या, “घरातलंच जुळत नाही रे बाबू. देश कुठून बरा होईल?” त्या दिवशी भात खरंच जळाला आणि आम्ही दोघांनी तसाच खाल्ला.

मॅट्रिक होऊन मी नागपूरला निघालो तेव्हा त्या फलाटावर आल्या होत्या. गाडी हलेपर्यंत माझ्या नव्या शिक्षकांच्या वतीनं त्यांनी माझी आगाऊ माफी मागून ठेवली. मग खिडकीला हात धरून म्हणाल्या, “तू गेल्यावर माही प्रार्थना संपनार कशी?” मी काहीतरी हसून बोललो. नागपूरला वसतिगृहात पहिल्या काही संध्याकाळी दिवे लागले की माझे कान आपोआप भिंतीकडं जात. पलीकडं एक कायद्याचा विद्यार्थी घोरत असे.

बी.ए. झाल्यावर मला अर्जुनी मोरगावच्या शाळेत नोकरी लागली. भाड्याची खोली, स्टोव्ह, एका माणसाचा भात. तिथून केशोरी जवळ. आणि एवढे दिवस जे माझ्या मनात होतं ते एका रविवारी मी केलं. त्याच रात्री बाईंना पत्र लिहिलं. त्याचा कच्चा कागद माझ्याजवळ आहे. पत्राचं उत्तर टपालानं आलं नाही. पण त्या साली मुर्रीच्या त्या घराला पोळ्यापर्यंत कुलूप राहिलं, आणि रविवारची घंटी वाजली नाही म्हणून शेजारणीला करमत नव्हतं, असं तिनंच मला नंतर सांगितलं. पत्र असं होतं:

अर्जुनी मोरगाव,
रविवार

तीर्थरूप बाईंना,
बाबूचा सलाम.

आज तुम्हाला न विचारता केशोरीला जाऊन आलो. तुमच्या बहिणीला भेटलो. त्या बांधीत बायांबरोबर रोवणी करत होत्या. मी बांधावरून माझं नाव सांगितलं, तुमचं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही, पण बायांचं गाणं थांबलं. रोवणारी माणसं मागं मागं सरकतात, तेव्हा मीही बांधावरून मागं सरकत बोलत राहिलो आणि एकदा घसरून पडलो. त्यावर मात्र त्या हसल्या.

मी म्हणालो, तिनं दुसरा देव धरला, त्याचा राग आता सोडा. त्या म्हणाल्या, “कोनता देव? आमच्या गावात झाडाझाडाखाली देव आहे. आनखी एक आला तं काय जागा कमी पडते? मास्तर, थे रोवणी अर्धी टाकून गेली. हात दाखवून चार दिवसांत येतो म्हने. बुढीच्या कंबरेत दम नव्हता. मी एकटीनं साऱ्या बांध्या रोवल्या, रस्त्याकडं पाहू पाहू. हात बरा झाला तरी आली नाही. सांगून बी पाठवलं नाही. मंग दार कायले उघडू?”

बाई, इतकी वर्षं आपण ज्या गोष्टीपाशी अडून बसलो, ती त्यांच्या मनात कधी नव्हतीच. मी विचारलं, ती दरसाल येऊन मोहाखाली बसते, ते दिसत नाही का? त्या पहिल्यांदा सरळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “दिसते ना! आमी उन्हात कापून राहिलो, आन थे सावलीत डोळे मिटून बसून राहिली! एकदा तरी येऊन विळा धरला का? तूच सांग, कोनाले राग येनार नाही?” तुम्ही प्रार्थना करत असता, असं मी सांगणार होतो. मग सांगितलं नाही.

मी निघालो तेव्हा त्यांनीच मागून हाक मारली. तलावाखालच्या दोन बांध्या त्यांनी अजून मजुरांना दिलेल्या नाहीत. “पऱ्हे जून होऊन राहिले,” म्हणाल्या, “येनं असन तं लवकर ये म्हना तिले. आन माफीबिफी काही बोलाचं नाही. मले टाइम नाही.”

तेव्हा बाई, जुनं लुगडं घेऊन या. गेल्यावर दाराशी थांबू नका, सरळ चिखलात उतरा आणि त्यांच्या बाजूला लागा. त्या बोलल्या नाहीत तर तुम्हीही बोलू नका. तुमचा हात दुखला तर सुटीच्या दिवशी मी येईन, बी.ए. झालो तरी रोवायला विसरलो नाही. उद्यापासून रोज दुपारच्या गाडीला मी स्टेशनावर उभा राहीन.

उत्तर लिहीत बसू नका. टपालाला जेवढे दिवस लागतील, तेवढे पऱ्हे जून होतील.

तुमचा,
बाबू